सहा हजार पानांचे मानक आणि भारताचा नकार

संगणकावर टाइप केलेले पत्र, खर्चाचा तक्ता किंवा सभेचे इतिवृत्त हे कागदावरील मजकुरासारखे स्वयंपूर्ण नसते. कागद डोळ्यांनी वाचता येतो. संगणकातील फाइल वाचण्यासाठी ती ज्या पद्धतीने साठविली गेली, ती पद्धत जाणणारे सॉफ्टवेअर लागते. या पद्धतीलाच फाइल फॉरमॅट म्हणतात. मराठी वाचकांना याचा अनुभव निराळ्या संदर्भात आला आहे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की तो फॉण्ट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा पडत असे. मजकूर गेलेला नसे, त्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात असे.

शब्द आणि आकडे सांभाळणाऱ्या कार्यालयीन फायलींची किल्ली जगभर एकाच कंपनीच्या खिशात असावी की नाही, यावरून २००७ आणि २००८ या दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय मानकांच्या क्षेत्रात अभूतपूर्व संघर्ष झाला. मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस ओपन एक्सएमएल' अर्थात ओओएक्सएमएल या फॉरमॅटला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा द्यावा, असा तो प्रस्ताव होता. भारताने त्याला दोन्ही वेळा विरोध केला, प्रस्ताव संमत झाल्यानंतर अपीलही केले, आणि ते फेटाळले गेले. स्क्रू, विटा आणि कागदाचे आकार ठरविणाऱ्या संस्थांच्या रूक्ष कारभाराकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही. या वेळी मात्र त्यावरून ओस्लोच्या रस्त्यावर मोर्चा निघाला.

पार्श्वभूमी

वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट यांच्या 'डॉक', 'एक्सएलएस' व 'पीपीटी' या जुन्या फायली द्विमान स्वरूपाच्या होत्या. त्यांची अंतर्गत रचना मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांना नेमकी ठाऊक नव्हती. प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना ती अंदाजाने, फायली उसवून उसवून शोधावी लागे. त्यामुळे एखाद्या कार्यालयाने स्वस्त किंवा मोफत पर्याय स्वीकारायचे ठरविले, तरी जुन्या फायली नीट उघडतील का, या धास्तीने तो बेत बारगळत असे.

याला पर्याय म्हणून 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट' अर्थात ओडीएफ पुढे आला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या पाठबळावर चाललेल्या ओपनऑफिस डॉट ऑर्ग या मुक्त सॉफ्टवेअरच्या फायलींची रचना हा त्याचा पाया होता. 'ओएसिस' या उद्योगसंस्थेच्या समितीने २००२च्या अखेरीस त्यावर काम सुरू केले, मे २००५मध्ये त्याला मान्यता दिली आणि २००६मध्ये तो 'आयएसओ/आयईसी २६३००' या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची पाने सुमारे सातशे होती. शब्दप्रक्रियेपासून सादरीकरणापर्यंत सर्व प्रकारच्या फायली त्याने कवेत घेतल्या होत्या. मात्र तक्त्यांतील सूत्रे कशी लिहावीत, ही महत्त्वाची बाब पहिल्या आवृत्तीत नेमकेपणाने सांगितलेली नव्हती. ही उणीव पुढे २०११मध्ये ओएसिसने संमत केलेल्या १.२ या आवृत्तीत भरून निघाली.

या फॉरमॅटकडे सरकारांचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यामुळे. सप्टेंबर २००५मध्ये या राज्याने आपल्या कार्यालयांतील दस्तऐवज ओडीएफमध्ये ठेवण्याचे धोरण जाहीर केले. सार्वजनिक नोंदी एका कंपनीच्या मर्जीवर राहू नयेत, हा त्यामागील विचार होता. धोरण आखणारे माहिती तंत्रज्ञान प्रमुख पीटर क्विन यांच्यावर त्यानंतर प्रवासखर्चावरून वृत्तपत्रातून शिंतोडे उडाले. चौकशीत ते निर्दोष ठरले, तरी त्यांनी पद सोडले. ऑगस्ट २००७मध्ये त्या राज्याने ओओएक्सएमएललाही मान्य फॉरमॅटच्या यादीत जागा दिली आणि पहिल्या धोरणाची धार गेली. परंतु सरकारे 'मानक' हा शब्द खरेदीच्या अटींत घालू लागली, तर मानकाचा शिक्का नसलेले उत्पादन निविदेतून बाद होऊ शकते, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते. पुढील सारी धावपळ याच शिक्क्यासाठी होती.

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७साठी एक्सएमएलवर आधारित नवी रचना तयार केली आणि ती जिनिव्हा येथील 'एक्मा' या संस्थेकडे नेली. एक्माने ७ डिसेंबर २००६ रोजी ती 'एक्मा-३७६' या क्रमांकाने संमत केली. या समितीत ब्रिटिश लायब्ररी व अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांचाही सहभाग होता, हे नोंदवायला हवे. जुन्या अगणित वर्ड फायली भविष्यात वाचता याव्यात, ही ग्रंथालयांची चिंता खरी होती, आणि मायक्रोसॉफ्टचा मुख्य युक्तिवादही तोच होता. जगातील बहुतेक कार्यालयीन दस्तऐवज आपल्याच स्वरूपात आहेत, त्यांचे गुणदोष जसेच्या तसे टिपणारे मानक हवे, आणि ते एकदा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हाती गेले की त्यावर एका कंपनीची मालकी राहणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

चाळीस पाने रोज

एक्माकडून हा प्रस्ताव 'आयएसओ' आणि 'आयईसी' यांच्या संयुक्त तांत्रिक समितीकडे, म्हणजे 'जेटीसी-१'कडे, 'फास्ट ट्रॅक' पद्धतीने गेला. ही जलद पद्धत मुळात उद्योगात आधीच रुळलेल्या, पक्व झालेल्या मानकांसाठी आहे. एरवी मानक घडविताना समितीत वर्षानुवर्षे मसुदे फिरतात. येथे तयार मसुदा सदस्य देशांपुढे ठेवला जातो, पहिले तीस दिवस अस्तित्वात असलेल्या मानकांशी तो विसंगत आहे का हे पाहण्यासाठी, आणि पुढचे पाच महिने अभ्यास करून मत देण्यासाठी.

मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता. पाच महिन्यांत तो वाचून काढायचा, तर सुट्या न घेता रोज चाळीस पाने वाचावी लागतात, तीही कायद्याच्या कलमांसारखी शब्द तपासत. सदस्य देशांच्या समित्यांवर बहुधा आपापली नोकरी सांभाळून येणारे प्राध्यापक, अधिकारी आणि अभियंते असतात. प्रस्तावाला झालेल्या विरोधातील पहिला आणि सर्वांत साधा मुद्दा हाच होता, की एवढा मजकूर एवढ्या वेळात कोणालाही प्रामाणिकपणे तपासता येणार नाही.

दुसरा मुद्दा 'एकाच कामासाठी दोन मानके कशाला' हा. ओडीएफ हे मानक असताना त्याच प्रकारच्या फायलींसाठी दुसरे मानक आणल्यास मानकाचा उद्देशच निष्फळ होतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. रेल्वेच्या रुंद आणि अरुंद मार्गांचे उदाहरण भारतीयांना समजावून सांगण्याची गरज नाही. एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना माल उतरवावा आणि पुन्हा चढवावा लागतो. समर्थकांचे उत्तर असे होते की, चित्रांच्या फायलींचेही अनेक फॉरमॅट मानक म्हणून सुखाने नांदतात, निवड ग्राहकावर सोडावी. हे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. पण चित्राच्या एका फाइलमधून दुसरी करणे यांत्रिक काम आहे, तर तळटीपा, सूत्रे, तक्ते आणि दुरुस्त्यांच्या खुणा असलेल्या दस्तऐवजाचे रूपांतर करताना काहीतरी सांडतेच, हे कोणत्याही कार्यालयातील टंकलेखक सांगू शकेल.

सन १९००चा फेब्रुवारी

तांत्रिक हरकतींपैकी सर्वाधिक गाजली ती एका तारखेची. ज्या वर्षाला शंभराने भाग जातो, पण चारशेने जात नाही, ते ग्रेगरियन दिनदर्शिकेनुसार लीप वर्ष नसते. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि त्या वर्षी २९ फेब्रुवारी उगवलाच नाही. १९८३मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मात्र १९०० हे लीप वर्ष धरले गेले होते. लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक उचलली. इथपर्यंत हा व्यापारी तडजोडीचा भाग होता. परंतु ओओएक्सएमएलच्या मसुद्याने १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक एक धरून मोजणी करताना हा अस्तित्वात नसलेला दिवस मोजावाच, असे नियम म्हणून लिहिले. परिणामी त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांचे वार चुकतात. १ जानेवारी १९०० हा सोमवार होता. एक्सेलच्या हिशेबाने तो रविवार ठरतो. एका प्रोग्रॅममधील जुना दोष साऱ्या जगाने कायदा म्हणून पाळावा, ही अपेक्षा अनेक देशांच्या समित्यांना अजब वाटली, यात नवल नाही.

त्याहून व्यावहारिक अडचण अशी की, या मोजणीत १९००च्या आधीची तारीख तारीख म्हणून लिहिताच येत नव्हती. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा, महात्मा फुल्यांचा ११ एप्रिल १८२७चा. अभिलेखागाराने किंवा ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकातील नोंदींचा तक्ता केला, तर या तारखा साध्या मजकुरासारख्या पडून राहतात. त्यांवरून वय काढणे किंवा कालक्रमाने मांडणी करणे बिनचूक होत नाही. तारखा कशा लिहाव्यात याचे 'आयएसओ ८६०१' हे मानक आधीच उपलब्ध असताना ते का वापरले नाही, असा प्रश्न विचारला गेला.

कामाचे दिवस मोजणाऱ्या सूत्राचीही अशीच गत होती. दोन तारखांमधील कामाचे दिवस सांगणारे हे सूत्र शनिवार आणि रविवार हीच साप्ताहिक सुटी गृहीत धरत होते. जिथे शुक्रवारी सुटी असते त्या देशांनी काय करायचे? महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांनाही त्या वेळी केवळ दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुटी होती. पाच दिवसांचा आठवडा येथे २९ फेब्रुवारी २०२० रोजी, योगायोगाने लीप दिनीच, सुरू झाला.

मसुद्यातील काही खुणांची नावेच बोलकी होती. 'ऑटोस्पेस लाइक वर्ड ९५', 'फुटनोट लेआउट लाइक डब्ल्यूडब्ल्यू८', 'यूज वर्ड ९७ लाइन ब्रेक रूल्स'. म्हणजे अक्षरांमधील जागा वर्ड ९५ सोडत असे तशी सोडावी, तळटीपा वर्डच्या अमुक आवृत्तीत मांडल्या जात तशा मांडाव्यात. वर्ड ९५ ती जागा नेमकी कशी सोडत असे, याचे वर्णन मसुद्यात नव्हते. उलट अशा खुणा शक्यतो वापरू नयेत, असा सल्ला होता. मानक वाचून नवे सॉफ्टवेअर लिहू पाहणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. 'आजी घालायची तेवढे मीठ घालावे' असे पाककृतीत लिहिण्यासारखाच हा प्रकार होता, आणि आजीला ओळखणारा एकच जण स्पर्धेत होता.

गणिती समीकरणांसाठी वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियमचे मॅथएमएल असताना नवी भाषा, आकृत्यांसाठी एसव्हीजी असताना दुसरी, शिवाय मसुदा स्वतःच कालबाह्य म्हणतो अशी व्हीएमएल ही तिसरी. कागदाच्या आकारांना आंतरराष्ट्रीय नावे असताना ए-४ साठी '९' हा आकडा. पानाच्या नक्षीदार कडांची यादी तर मनोरंजकच होती: सफरचंदे, केकचे तुकडे, ख्रिसमस वृक्ष, जिंजरब्रेडचा बाहुला, बाळाची चोखणी. सहा हजार पाने कशी भरली, याचा थोडा उलगडा तिथे होतो.

पेटंटचा प्रश्न कायदेपंडितांनी लावून धरला. या रचनेत लागणाऱ्या पेटंटवरून कोणावर दावा लावणार नाही, असे वचन मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये जाहीर केले होते. परंतु ते मानकाच्या ठरावीक आवृत्तीत तपशिलाने वर्णिलेल्या भागापुरतेच आहे. ज्या खुणांचे वर्णनच नाही त्यांचे काय, असा विरोधकांचा सवाल होता.

पहिले मतदान

२ सप्टेंबर २००७ रोजी मतदान संपले. मंजुरीसाठी दोन अटी होत्या. समितीच्या सहभागी सदस्य देशांपैकी किमान दोन-तृतीयांश देशांची अनुकूल मते, आणि एकूण मतांत विरोधी मते एक-चतुर्थांशाहून अधिक नसणे. तटस्थ राहणाऱ्यांची गणना होत नाही. ३२ सहभागी देशांपैकी १७ अनुकूल राहिले, म्हणजे सुमारे ५३ टक्के. सर्व सदस्य धरून ५१ अनुकूल, १८ विरोधी, म्हणजे विरोध २६ टक्के, आणि १८ तटस्थ. दोन्ही अटींवर प्रस्ताव अडला. दुसऱ्या अटीवर तर जेमतेम एका टक्क्याने. भारत, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान, कॅनडा हे देश विरोधकांत होते.

मतदानापूर्वीच्या घडामोडींनी मानकांच्या व्यवस्थेची प्रतिष्ठा चांगलीच डागाळली. स्वीडनच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या समितीत अखेरच्या बैठकीला वीसहून अधिक कंपन्या नव्याने सदस्य होऊन आल्या आणि कौल प्रस्तावाच्या बाजूने गेला. त्यांपैकी बऱ्याच मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक भागीदार होत्या. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने भागीदारांना पत्र पाठवून, मतदानात सहभागी झाल्यास विपणनासाठी साह्य देण्याचे सूचित केले होते, हे उघड झाले. कंपनीने ते पत्र पाठविणे ही चूक असल्याचे मान्य केले आणि भागीदारांना लगेच तसे कळविल्याचे सांगितले. एका कंपनीने दोनदा मत दिल्याच्या तांत्रिक कारणावरून स्वीडिश संस्थेने तो कौल रद्द केला आणि स्वीडन तटस्थ राहिला. दुसरीकडे सायप्रस, माल्टा, लेबनॉन, पाकिस्तान यांच्यासह अनेक देशांनी मतदानाच्या तोंडावर आपले सदस्यत्व 'सहभागी' दर्जाचे करून घेतले. त्याचा हेतू काय, यावर दोन्ही बाजूंनी तर्कवितर्क झाले. दबाव केवळ एकाच बाजूने होता, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. ओडीएफच्या मागे आयबीएम आणि सन या बड्या कंपन्या उभ्या होत्या आणि त्यांचे हितसंबंध उघड होते. जानेवारी २००८मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध स्पर्धाविषयक नवी चौकशी सुरू केली, तीत ओओएक्सएमएल इतर सॉफ्टवेअरशी पुरेसे जुळते का, हा मुद्दा होता.

जिनिव्हातील पाच दिवस

सदस्य देशांनी मतांसोबत साडेतीन हजारांवर हरकती व सूचना पाठविल्या होत्या. पुनरुक्ती वगळून एक्माने जानेवारी २००८मध्ये एक हजार सत्तावीस उत्तरे तयार केली. ती छापली तर दोन हजारांहून अधिक पाने होत. त्यांवर निर्णय घेण्यासाठी २५ ते २९ फेब्रुवारी २००८ या काळात जिनिव्हात बैठक झाली. ब्रिटनचे अ‍ॅलेक्स ब्राऊन तिचे निमंत्रक होते.

पाच दिवस, रोजचे सात तास धरले, तरी एका उत्तराच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. प्रत्यक्षात काही मुद्द्यांवर दीर्घ चर्चा झाली, आणि उरलेल्या बहुसंख्य उत्तरांवर चर्चेविना, कागदी मतपत्रिकेने एकगठ्ठा निर्णय घेतला गेला. बैठक संपली तेव्हा सुधारित मसुदा एकसंध स्वरूपात कोणाच्याही हाती नव्हता. तरीही देशांना आपले मत बदलायचे असल्यास तीस दिवसांत कळवायचे होते. म्हणजे बदल काय आणि कुठे होतील हे कळले होते, पण बदललेला ग्रंथ पाहायला मिळाला नव्हता. पुढील अपिलांचे मूळ येथे आहे.

बैठकीने काहीच साधले नाही, असे म्हणता येणार नाही. मानकाचे दोन स्तर करण्याचे ठरले. 'स्ट्रिक्ट' हा नव्या फायलींसाठीचा काटेकोर स्तर, आणि 'ट्रान्झिशनल' हा जुन्या फायलींचे ओझे वाहणारा संक्रमणकालीन स्तर. वर्ड ९५च्या सवयी, व्हीएमएल वगैरे गोष्टी दुसऱ्या स्तरात हलविल्या गेल्या. तारखा 'आयएसओ ८६०१'प्रमाणे लिहिण्याची सोय झाली. १९००चा तो फेब्रुवारी मात्र जुन्या फायलींच्या नावाखाली तगला.

भारतीय समितीचा कौल

भारताचे मत ठरविण्याचे काम भारतीय मानक ब्युरोच्या 'एलआयटीडी-१५' या समितीचे होते. तीत केंद्र सरकारचा माहिती तंत्रज्ञान विभाग, राष्ट्रीय सूचना केंद्र, पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक, आयआयटीसारख्या शिक्षणसंस्था, नॅसकॉम ही उद्योगसंघटना आणि परस्परविरोधी बाजूंच्या बहुराष्ट्रीय कंपन्या असे सगळेच होते. ऑगस्ट २००७मध्ये या समितीने हरकतींसह विरोधी मत नोंदविले. जिनिव्हाच्या बैठकीनंतर मार्च २००८मध्ये तिने पुन्हा मतदान घेतले. उपस्थित १९ सदस्यांपैकी १३ विरोधात, ५ बाजूने आणि एक तटस्थ असा कौल लागला.

मतांची विभागणी लक्षणीय होती. सरकारी संस्था आणि शिक्षणसंस्था विरोधात होत्या. आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक हे या समितीतील परिचित नाव. बाजूने होत्या त्या मायक्रोसॉफ्टसह नॅसकॉम आणि देशातील बड्या सॉफ्टवेअर कंपन्या. ज्यांचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या ग्राहकांशी आणि उत्पादनांशी जोडलेला आहे त्यांनी सुरळीतपणाला महत्त्व दिले. ज्यांना सरकारी दप्तरे सांभाळायची आहेत किंवा विद्यार्थ्यांना मानके वाचून सॉफ्टवेअर लिहायला शिकवायचे आहे, त्यांना मसुद्यातील भोके दिसली. दोन्ही भूमिका आपापल्या जागी समजण्यासारख्या आहेत. मात्र देशाचे मत म्हणून जे गेले, ते खरेदीदाराचे आणि नागरिकाचे मत होते, हे विशेष.

एप्रिलच्या प्रारंभी अंतिम निकाल आला. ३२ सहभागी देशांपैकी २४, म्हणजे ७५ टक्के अनुकूल. एकूण मोजलेल्या ७१ मतांपैकी विरोधी केवळ १०. ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया, डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे यांनी विरोध सोडला होता; फ्रान्स तटस्थ झाला. भारत, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, कॅनडा, न्यूझीलंड, इराण, क्युबा, इक्वेडोर आणि व्हेनेझुएला या दहा देशांनी विरोधी मत दिले. यांतील इक्वेडोर आणि व्हेनेझुएला हे पहिल्या मतदानाच्या तोंडावर सहभागी सदस्य झालेल्यांपैकीच होते. त्यामुळे नवे सदस्य सारे एकाच गोटातले, हा समज टिकत नाही.

नॉर्वेतील प्रकार सर्वांत वादग्रस्त ठरला. तेथील समितीतील बहुसंख्य तज्ज्ञ विरोधात असताना मानक संस्थेच्या प्रशासनाने अनुकूल मत पाठविले. समितीचे अध्यक्ष स्टीव्ह पेपर यांनी जाहीर निषेध केला. ९ एप्रिल २००८ रोजी, ओस्लोत आयएसओच्या संबंधित उपसमितीची बैठक भरली असताना, बाहेर निदर्शकांचा मोर्चा निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्वेच्या समितीतील २३ पैकी १३ सदस्यांनी राजीनामे दिले.

चार अपिले

दक्षिण आफ्रिकेने मे २००८च्या अखेरीस अपील दाखल केले. पाठोपाठ ब्राझील, भारत आणि व्हेनेझुएला यांनीही केले. विकसित देशांपैकी कोणीही अपिलात नव्हते. जिनिव्हात बहुसंख्य उत्तरांवर चर्चाच झाली नाही, मतदानाची पद्धत नियमांना धरून नव्हती, सुधारित मसुदा मुदतीत मिळाला नाही, आणि मुळात एवढा मोठा प्रस्ताव फास्ट ट्रॅकमध्ये घ्यायलाच नको होता, असे आक्षेप त्यांत होते. आयएसओ आणि आयईसीच्या प्रमुखांनी अपिले पुढे चालवू नयेत अशी शिफारस केली, दोन्ही संस्थांच्या व्यवस्थापन मंडळांनी ती मानली, आणि १५ ऑगस्ट २००८ रोजी अपिले फेटाळल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्राझीलियात भरलेल्या परिषदेत ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला, इक्वेडोर, क्युबा आणि पॅराग्वे या देशांच्या प्रतिनिधींनी, आयएसओचा शिक्का यापुढे आपोआप विश्वासार्ह मानता येणार नाही, अशा आशयाचे निवेदन प्रसिद्ध केले. भारताची त्यावर स्वाक्षरी नव्हती. नोव्हेंबर २००८मध्ये 'आयएसओ/आयईसी २९५००' हे मानक चार भागांत प्रकाशित झाले.

नंतरची वाटचाल

विरोधाचे फलित शोधायचे, तर ते मतदानाच्या आकड्यांबाहेर सापडते. जिनिव्हाच्या बैठकीच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने जुन्या 'डॉक' आणि 'एक्सएलएस' फायलींची रचना जाहीर केली. एप्रिल २००९मध्ये ऑफिस २००७च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून ओडीएफ फायली उघडण्याची आणि साठविण्याची सोय आली. शनिवार-रविवार वगळता अन्य साप्ताहिक सुटी सांगता येणारे सूत्र एक्सेल २०१०मध्ये मिळाले. नोव्हेंबर २०१०मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण अधिसूचित केले; एका कामासाठी शक्यतो एकच, स्वामित्वशुल्काविना वापरता येणारे मानक असावे, हे तत्त्व त्यात आहे. २००८च्या वादातील दोन मुख्य हरकती त्यात ओळखू येतात. ब्रिटनने तर जुलै २०१४मध्ये शासकीय दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी ओडीएफची निवड केली.

उलट बाजूही आहे. काटेकोर 'स्ट्रिक्ट' स्तर हेच भविष्य, असे सांगून जे मानक संमत करून घेतले गेले, त्याची अंमलबजावणी रेंगाळली. ऑफिस २०१० त्या स्तरातील फायली वाचू शके, लिहू शकत नसे. जिनिव्हा बैठकीचे निमंत्रक अ‍ॅलेक्स ब्राऊन यांनीच मार्च २०१०मध्ये, मायक्रोसॉफ्ट मानकाच्या कसोटीवर नापास झाली आहे, अशी टीका केली. लिहिण्याची सोय ऑफिस २०१३मध्ये आली, तीही 'सेव्ह अ‍ॅज'च्या यादीत खाली एक वेगळा पर्याय म्हणून. आजही वर्डमध्ये फाइल साठविली की ती न सांगता संक्रमणकालीन स्तरातच जाते. संक्रमणाला सोळा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

फाइलच्या आत काय आहे हे पाहण्याची सोय मात्र आता प्रत्येकाला आहे. 'डॉकएक्स' किंवा 'ओडीटी' फाइलची एक प्रत करून तिच्या नावाची शेपटी बदलून 'झिप' केली, की ती पेटीसारखी उघडते आणि आतील मजकूर एक्सएमएलमध्ये साध्या अक्षरांत दिसतो. देवनागरी मजकूर तिथे युनिकोडमध्ये असतो. जुन्या 'डॉक' फाइलबाबत हे शक्य नव्हते.

एक्सेलमध्ये एखाद्या चौकटीत ६० हा आकडा लिहून तिला तारखेचे रूप दिले, तर आजही '२९ फेब्रुवारी १९००' असे उत्तर येते. लिब्रेऑफिसमध्ये तोच आकडा २८ फेब्रुवारी दाखवितो. १ मार्चपासून दोघांचे जमते.